उघड्या वाशांचा वैशाख

वैशाख लागला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गोडवा शोधत बसणार नाही. लोकांना वैशाखात आंबे आठवतात, मोगरा आठवतो, लग्नाचे मांडव आठवतात. मला छपरावरून काढलेल्या कुजक्या पेंढ्याचा वास आठवतो, आणि तो आठवला की समोर जो कोणी असेल त्याच्यावर मी खेकसते. परवा मी शिकवते त्या कळंबच्या शाळेतून परत येत होते. रस्त्याच्या कडेच्या शेतात कुणीतरी राब भाजायला घेतला होता. भाताचं रोप टाकायचं त्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण, जुना पेंढा पसरून आग लावतात, तो राब. धूर थेट एस.टी.त शिरला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मी मात्र खिडकीतून तोंड बाहेर काढून तो धूर छातीभर घेतला, आणि भिसेगावला उतरेपर्यंत माझं डोकं जे तापलं ते काही केल्या उतरेना. घरात पाऊल टाकलं तर आई म्हणाली, "राब लागलं का गं?" माझ्या केसांना वास आला असणार. मी तिला उत्तरसुद्धा दिलं नाही.

आमची आळी दहिवलीच्या पलीकडे होती, नदीकडे उतरणाऱ्या एका टेपावर, म्हणजे उंचवट्यावर. नऊ घरं. नऊच्या नऊ पेंढ्यानं शाकारलेली, कारवीच्या कुडाची. जागा सगळी भाऊशेटची. हे भाऊशेट म्हणजे आमच्या आळीच्याच नव्हे, आजूबाजूच्या बऱ्याच भातखाचरांचे मालक. माझा आजा त्यांच्या वडलांच्या शेतावर राबायचा. लग्न झाल्यावर तो नारळ आणि पानसुपारी घेऊन त्यांच्या ओट्यापाशी गेला, आणि त्यांनी हात करून सांगितलं, "त्या आंब्याखाली बांध." झालं. तेवढाच व्यवहार. आमच्याकडे रीतच तशी होती. जमीन मालकाची, मेढी म्हणजे घराचे खांब आणि वासे तुमचे. गाव सोडून जायचं झालं तर आपल्या मेढी उपटून खांद्यावर घ्यायच्या आणि चालू लागायचं. कागद करायचा असतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, कारण नारळ दिला होता. घरपट्टीसुद्धा भाऊशेट भरायचे. "तुम्ही गरीब माणसं, कशाला चावडीवर हेलपाटे घालता," म्हणायचे. आम्हाला केवढे उपकार वाटायचे! पावत्या अर्थातच त्यांच्या नावाच्या.

शाकारणीचे दिवस आले की आळीला अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. पेंढ्याचं छप्पर एका पावसाळ्याचा सोबती. आषाढ-श्रावणात ते भिजून काळं पडतं, त्याच्यात अळ्या होतात, कार्तिकात ते सुकतं आणि मग नुसती भुकटी गळत राहते, ताटात, अंथरुणात, वहीच्या पानांत. म्हणून दरवर्षी वैशाखात ते उतरवायचं आणि नवं घालायचं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. सावड असायची: आज तुझ्या घरावर आम्ही सगळे, उद्या माझ्या घरावर तुम्ही सगळे. आणि आमच्या आळीची एक खास पद्धत होती. जुना पेंढा सगळ्या घरांचा एकाच दिवशी उतरवायचा. कारण तोच पेंढा राबाला जायचा, आणि राब वेळेवर भाजला नाही तर रोप मागं पडतं. मग पुढचे चार-पाच दिवस एकेका घराची पाळी लागायची. तेवढे दिवस नऊच्या नऊ घरं उघडी. वर नुसते वासे, आणि वाशांतून निळं आभाळ.

ते दिवस मला फार आवडायचे हे कबूल करायला हवं. घरात उजेडच उजेड. एरवी भर दुपारी चुलीपाशी चाचपडावं लागायचं, आणि त्या दिवसांत आईच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणा मोजता यायच्या. कुडाची जुनी कारवीही बायका तेव्हाच उपसायच्या, म्हणजे भिंतीही अर्ध्याच. या घरातून त्या घरात मीठ मागायचं तर दारानं जायची गरज नाही. नवा पेंढा अंगणात रचलेला, त्याचा कोरडा, गोडसर वास, अंगाला सुटणारी खाज, आणि आढ्यावर पाय सोडून बसलेला सोमादादा.

सोमादादा डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला. दरवर्षी कारवीच्या मोळ्या घेऊन तो आणि त्याची बायको खाली उतरायची, आणि शाकारणी संपेपर्यंत आमच्याच आळीत मुक्काम करायची. पेंढ्याची पेंडी वाशाला बांधावी तर त्यानंच. त्यानं बांधलेल्या पाख्यातून थेंब गळाला असं कधी झालं नाही. वरून तो सगळ्यांना नावं ठेवायचा. "सुमे, पेंडी वर फेकतंस का नदीत?" असं मला ओरडायचा. त्याचं स्वतःचं घर कुणाच्या जागेत आहे हे मी त्याला कधी विचारलं नाही. तेव्हा असले प्रश्न पडतच नव्हते.

आमच्या घरांवरून विजेच्या तारा जायच्या. मोठ्या, जाडजूड. पावसाळी हवेत त्या गुणगुणायच्या. घाटमाथ्यावरचं पाणी खोपोलीला नळांतून खाली आणून त्याची वीज करायची आणि मुंबईला पाठवायची, हे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. पुढे नवे मनोरे उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायाचे खड्डे खणायला आमचे बाबा होते. कातळ लागला की टिकावाच्या ठिणग्या उडायच्या, म्हणून ते डोळे बारीक करून घाव घालायचे, आणि ती सवय त्यांना जेवतानाही राहिली. मी बारा वर्षांची असताना ते तापानं गेले. त्या तारांखाली बसून मी रॉकेलच्या चिमणीवर एस.एस.सी.चा अभ्यास केला. तेव्हा राग येत नव्हता. आता येतो. पाणी इकडचं, खड्डे इकडच्या माणसांनी खणलेले, आणि उजेड मात्र आमच्या डोक्यावरून पुढे.

खालापूरच्या बाजूला मग कारखाने आले. भोंगे आले, अधिकाऱ्यांच्या वसाहती आल्या, त्यांच्या खिडक्यांना जाळ्या आल्या. आळीतले दोघे-तिघे गेटवर जाऊन उभे राहिले. त्यांना सांगण्यात आलं की इथले लोक नकोत, पेरणी-कापणीला दांड्या मारतात. बाहेरगावची माणसं लागली, त्यांना खोल्या हव्या झाल्या, खोल्यांची भाडी चढली. इकडे कर्जतला मुंबईच्या लोकांना हवा आवडली. पहिल्यांदा ते डबे घेऊन यायचे आणि नदीत पाय सोडून बसायचे. मग त्यांनी भाव विचारायला सुरुवात केली. गुंठा हा शब्द तोवर आमच्या बोलण्यात नव्हता. जमीन खंडीवर मोजायची, भात किती येतं त्यावर. आमच्या टेपावर भात येत नव्हतं, म्हणून तिला कुणी किंमत देत नव्हतं. आता तिथून नदी दिसते म्हणून तिला किंमत आली. आमचा आजा तिथं राहिला तेव्हाही नदी दिसतच होती.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. चावडीवर एक नोटीस लागली. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या घर बांधून राहिलेल्या मजुरांची यादी करायची होती, आणि यादीत नाव आलं तर घराखालची जागा त्यांच्या नावावर व्हायची होती. आळीत वाचता येणारी मी एकटी. मी ती नोटीस तिथल्या तिथं दोनदा वाचली आणि धावत आले. अक्षय्यतृतीयेनंतरच्या सोमवारी साहेब स्वतः येऊन घरं पाहणार होते. आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "म्हंजे ह्यी भुई आपली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. तिनं चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर पिठाचा हात तसाच टेकवला. मग कणीक मळायला लागली.

आणि इथं मी शहाणपणा केला. मी एस.एस.सी. झालेली, फुलस्केप कागदावर अर्ज लिहिणारी. मी म्हटलं, साहेब येणार तर घरं कशी दिसायला हवीत? काळ्या पडलेल्या, गळक्या छपराची घरं पाहून साहेब काय म्हणेल? शाकारणी आधी उरकून घेऊ. मंगळवारी जुनं उतरवू, रविवारी संध्याकाळपर्यंत नऊही घरांवर नवं छप्पर चढेल, कुड लिंपून होतील, अंगणं सारवून होतील. सोमवारी साहेब आला की त्याला वाटलं पाहिजे, माणसं टापटिपीची आहेत, ह्यांना जागा द्यायलाच हवी.

सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते एकट्या सोमादादाला. तो विडी ओढत पारावर बसला होता. "सायेब येऊन जाऊं दे," तो म्हणाला. "मंग उतरवू. घर काळं आसलं तरी घर हाय. उतरवलेलं घर कोन घर म्हनंल?"

मी हसले. हो, हसले. म्हटलं, "सोमादादा, तू पेंड्या बांध. सायबाचं आमच्यावर सोड." त्यानं विडी विझवून उरलेली कानावर ठेवली आणि उठला.

मंगळवारी पहाटेच छपरं उतरायला लागली. काळा भुगा सगळ्यांच्या केसांत, पापण्यांत. पोरं खोकत होती आणि तरी हटत नव्हती. एका वळचणीत खारीची पिल्लं निघाली, त्यांना बघायला सगळी आळी गोळा झाली. दुपारी राबाला आग लागली, आणि धूर नदीवर पसरला. त्या दिवशी आई गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून ती गुणगुणल्याचं मला आठवत नाही. बुधवारी तीन घरं शाकारून व्हायची होती, पण वाखाच्या दोऱ्या कमी पडल्या आणि एकही पुरं झालं नाही. दोऱ्या वळायला म्हातारी माणसं बसली. काही बिघडत नव्हतं, हातात अजून चार दिवस होते.

गुरुवारी सकाळी जीप आली.

पुढे भाऊशेट, मागं साहेब, त्यांच्यामागं चामड्याची पिशवी घेतलेला तलाठी. साहेब तरुण होता, घामानं भिजला होता, आणि सोमवारी येण्याऐवजी गुरुवारी का आला हे त्यानं सांगितलं नाही. भाऊशेटनी सांगितलं नाही. पण दोऱ्या कमी पडल्या, घरं उघडी आहेत, हे टेपाकडे पाहून कुणालाही कळत होतं, आणि भाऊशेटच्या ओट्यावरून टेप सरळ समोर दिसायचा. साहेबानं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मेढी, वासे, अर्धवट उपसलेले कुड. आतमध्ये चुली पेटलेल्या होत्या. कुणाचं दूध उतू जात होतं, कुणाचं बाळ वाशाला टांगलेल्या झोळीत झोपलं होतं.

"इथं घरं कुठं आहेत?" साहेब म्हणाला.

"पूर्वी होती," भाऊशेट म्हणाले. "आता काढून नेताहेत. मेढी त्यांच्या असतात ना."

मी पुढे झाले, सांगायला लागले. शाकारणी, सावड, राब. साहेब माझं ऐकत होता, पण त्याचे डोळे वाशांवर होते. तो देशावरचा असावा, मातीच्या सपाट धाब्याच्या घरात वाढलेला. घराचं छप्पर दरवर्षी काढतात ही गोष्ट त्याला खोटी वाटली असेल तर मी त्याला किती दोष देऊ? आजही मी ते ठरवू शकलेले नाही. भाऊशेटना मात्र देते. सगळा देते. त्यांच्या वडलांपासून त्यांच्या गोठ्यावर शाकारणीला पेंढा आमच्याच हातानं चढत आला होता. त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी ठरल्याप्रमाणे नऊही घरं शाकारून झाली. इतकं देखणं काम सोमादादानं आयुष्यात केलं नसेल. उन्हात छपरं पिवळीधमक दिसत होती. आणि तिकडे कागदावर लिहून झालं होतं की या टेपावर घरं नाहीत. कागदावर नसलेल्या घरांत आम्ही तो पावसाळा काढला. एक थेंब गळाला नाही.

दिवाळीनंतर टेपाला तारेचं कुंपण पडलं. त्याचे तुकडे झाले, तुकड्यांना नंबर पडले, आणि मुंबईची माणसं नंबर शोधत फिरायला लागली. नऊ घरांतली माणसं मेढी खांद्यावर घेऊन निघाली. मेढी घेऊन जायचं कुठं? घर बांधायला भुई नको का? दोघं पनवेलकडे गेली, एक घर बायकोच्या माहेरी गेलं, कोण कुठे. आम्ही मायलेकी दहिवलीत एका खोलीत आलो. आमच्या मेढी मालकीणबाईंनी परसात ठेवू दिल्या नाहीत, तेव्हा त्या सरपण म्हणून विकल्या. मग अकरा महिन्यांनी दुसरी खोली, मग तिसरी. आताची ही भिसेगावची पाचवी. वर स्लॅब आहे, बटण दाबलं की दिवा लागतो. स्लॅब वैशाखात इतका तापतो की आई ओलं पोतं अंगाखाली घेऊन झोपते. दर वेळी नवा मालक विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" मी गावाचं नाव सांगते. "मग स्वतःचं घर नाही?" असं विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मागच्या वर्षी मी वेडेपणा केला. त्या टेपावरचा एक तुकडा विकायचा आहे असं कळलं म्हणून चौकशीला गेले. मी नऊ वर्षं नोकरी केली आहे, लग्न केलं नाही, सोनं केलं नाही. दलालानं आकडा सांगितला. मी निवृत्त होईपर्यंतचा सगळा पगार न जेवता ठेवला असता तरी त्या तुकड्याचा कोपरासुद्धा आला नसता. त्यानं मला वर सल्लाही दिला, "मॅडम, तुम्ही आतल्या बाजूला बघा. नदीकाठ लोकल माणसाला परवडत नाही." लोकल माणूस म्हणजे कोण, तर मी. जिच्या बाबांच्या हाताला खड्डे खणून घट्टे पडले ती मी. दलालाचा बाप आमच्या बाबांबरोबर खड्डे खणायला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते ठाऊक असणारच.

गेल्या रविवारी सोमादादा आला. आता त्याला नीट दिसत नाही, पण हात अजून तेच. काकडं घेऊन आला होता, जंगलातली आंबट फळं. ओसरीवर बसून चहा पिता पिता त्यानं सांगितलं की तो सध्या टेपावरच कामाला आहे. एका बंगल्याच्या हिरवळीवर गोल झोपडी उभी करायची आहे. वेताच्या खुर्च्या टाकून संध्याकाळी बसायला.

"बाई म्हंते, सोमा, पेंढा आस्सल पायजे, कारवी आस्सल पायजे," तो सांगत होता. "मी म्हनलं, बाई, आस्सलच हाय. मीबी आस्सलच हाय."

"आन कुठं बांधतूस?" आईनं विचारलं.

"तुमची चूल व्हती ना वयनी, तितंच की." तो इतक्या सहज बोलला की मला कप खाली ठेवावा लागला.

आई मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बांधूं दे. आपला कागद आला की काढायला लागंल त्यांना. अलिबागहून आला का गं कागद?"

आता जे सांगायचं आहे ते मी या लेखात टाळत आले आहे. रागावर लिहिणं सोपं असतं, तोवर समोर दुसरी माणसं असतात.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता कचेरीत आमची सुनावणी झाली होती. आळीच्या वतीनं आई उभी राहिली, कारण ती घाबरत नाही. मी तिच्यामागे. रेशनकार्ड दाखवलं, तर साहेब म्हणाला, यात गाव आहे, जागा नाही. घरपट्टीच्या पावत्या भाऊशेटच्या नावाच्या. मग साहेबानं विचारलं, "पाहणीच्या दिवशी तुमच्या घराला छप्पर होतं का?"

आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "नव्हतं सायेब. छप्पर नव्हतं, पन घर व्हतं. माझी चूल पेटलेली व्हती."

कारकून लिहीत होता. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं. "पाहणीच्या दिवशी घरास छप्पर नव्हते, हे अर्जदारास मान्य आहे." एवढं लिहून त्यानं रेघ ओढली. आईचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर उठवला. मी नुसती बघत राहिले. साहेबानं पुढचं नाव पुकारलं. पायऱ्या उतरताना आईनं विचारलं, "समदं लिवलं ना गं त्यांनी?" मी म्हटलं, "हो, सगळं लिहिलं."

निकाल पोस्टानं आला. पोस्टमनकडून मीच घेतला. आमच्याविरुद्ध होता. खाली लिहिलं होतं की साठ दिवसांत अलिबागला अपील करता येईल. मी आईला आणि आळीला सांगितलं, कागद अलिबागला गेलाय, वेळ लागेल. आणि मी काही केलं नाही. घाबरले होते, पैसे नव्हते, हे खरं. पण सगळ्यात खरं सांगायचं तर मला त्या घराची लाज वाटायची. पेंढ्याची, ताटात पडणाऱ्या भुकटीची, चिमणीच्या काजळीची. मला मास्तरणीच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि मला बटणाच्या दिव्याची खोली हवी होती. साठ दिवस संपले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आईसाठी गप्प बसले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. आणि या गोष्टीचा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही, म्हणून मी वैशाखात सगळ्यांवर खेकसते.

सोमादादाच्या देखत, चहाचे कप तसेच समोर असताना, मी सगळं बोलून टाकलं. कारकुनानं काय लिहिलं ते, निकालाचं, साठ दिवसांचं. ओरडूनच बोलले असणार, कारण समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. सोमादादा पायांकडे बघत राहिला.

आईकडे बघून मला वाटलं, रडेल. "मंग बारा वर्सं मी वाट कोनाची बघत व्हते?" तिनं विचारलं. "आन तो अंगठा माझाच व्हता ना? माझ्या अंगठ्याखाली त्यांनी आर्दंच लिवलं, आन तू बघत रायलीस?"

"आई, आता काही होणार नाही," मी म्हटलं. "मुदत केव्हाच संपली."

"मुदत तुला सांगितली व्हती. मला कोनी सांगितली?" ती उठली. फळीवरून माझी शाळेची वही काढली आणि माझ्यापुढे टाकली. "लिव. मी बोलते तसं लिव."

मी लिहायला घेतलं. ती उभ्यानं सांगत होती, एकेक शब्द, सावकाश. मध्ये सोमादादाला विचारत होती, "बराबर ना रं?" आणि तो मान हलवत होता. आजा, नारळ, आंबा, नऊ घरं, गुरुवार. छप्पर नव्हतं, पण घर होतं. कागद संपत आला. मी पेन खाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवायला लागले.

तिनं माझ्या हातातून कागद घेतला. चपला घातल्या, शेजारच्या नर्सबाईंच्या दारात जाऊन कडी वाजवली आणि म्हणाली, "बाई, येवढं वाचून दावा मला. पोरीनं काय लिवलंय ते बघायचंय."